ससेवाले मामा

"आदी बाटली, मग बोलनं."

नोकरीच्या पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारात माझ्या कानावर आलेलं हे पहिलं वाक्य. पांढऱ्या मिशांचा, खाकी सदऱ्यातला एक उंच माणूस एका शेतकऱ्याला दारातच अडवून हे सांगत होता. पुण्याहून नुकतीच डॉक्टर होऊन आलेली मी चरकलेच. सरकारी दवाखान्यात, सकाळी नऊ वाजता, बाटली? शेतकऱ्यानं निमूटपणे एक रिकामी बाटली उचलली आणि तो करंजाच्या झाडामागे गेला. परत आला तेव्हा बाटलीत काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या माणसानं त्यातलं थोडं काचेच्या नळीत ओतलं, स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं आणि एक डोळा मिटून नळी खिडकीच्या उजेडात धरली.

"निर्मळ हाय," तो म्हणाला. "जा आता. बाईंना सांग काय हुतंय ते."

शेतकऱ्याच्या पायात काटा मोडला होता.

हे आमचे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि त्यांच्या माघारी ससेवाले मामा. मीही मामाच म्हणायला लागले. आमचा दवाखाना मार्गासनी ओलांडून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात होता. दोन खोल्या, एक पडवी, चार खाटा. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. विजेचे खांब आले होते, वीज यायची होती. मामांच्या त्या नळीतून कोण सुटलं होतं? तहसील कचेरीतले कारकून, मास्तर, मुक्कामी एस.टी.चा ड्रायव्हर, सगळ्यांची लघवी त्यांनी तापवून पाहिली होती. देवळात शिरताना चप्पल काढावी तशी आमच्याकडे शिरताना बाटली भरायची, हे आसपासच्या वाड्यांनी मान्यच करून टाकलं होतं.

मी आठवडाभर हसले. मग एकदा चिडून म्हटलं, "मामा, कानदुखीच्या माणसाची लघवी कशाला तपासता?"

"कान दुकतोय ते तो सांगंल, बाई. गाळनी दुकत न्हाई. ती काय सांगनार?"

गाळणी म्हणजे मूत्रपिंड. हा शब्द त्यांनी कुठून आणला, ते मला हळूहळू कळलं.

मामा मूळचे भाटघरच्या धरणाच्या पाण्यालगतच्या एका वस्तीतले. शाळा चौथीपर्यंत. तरुणपणी पोटासाठी पुण्याला गेले आणि एका प्रयोगशाळेत प्राणी सांभाळायच्या कामावर लागले. तिथे एक साहेब सशांवर प्रयोग करत. साठ सालाच्या आसपासची कितीतरी वर्षं मामांनी ते ससे सांभाळले. पिंजरे धुवायचे, लसूणघास घालायचा, साहेब कानाच्या शिरेत सुई टोचताना ससा मांडीवर धरायचा, आणि रोज सकाळी पिंजऱ्याखालच्या भांड्यातली लघवी तापवून वहीत लिहायची. निर्मळ, किंचित गढूळ, दही. या तीनच नोंदी; मूत्रपिंड बिघडलं की लघवीत प्रथिनं उतरतात आणि तापवल्यावर दह्यासारखी साकळतात. पुढे साहेब दुसरीकडे गेले, प्रयोग थांबला, आणि मामा वशिला न लावता, अर्जावर अर्ज करून, आमच्या दवाखान्यात शिपाई झाले.

साहेबांनी नेमकं काय शोधलं हे मी त्यांना विचारलं ते थोड्या चेष्टेनंच. मामांनी चेष्टा पाहिली नाही. चहाची गाळणी हातात घेऊन ते पडवीत बसले.

"गाईच्या रगतातलं एक पांडरं सत्व काडलेलं असायचं. ते सशाला टोचायचं. सशाच्या अंगात त्यो परका पावना. पयले सात-आट दिस काईच हुत न्हाई. ससा खातो, उड्या मारतो. आमी नव्यानं लागलेली मानसं म्हनायचो, सायेब, तुमची सुई फुकट गेली. सायेब म्हनायचे, थांब. कारन तवर सशाचं अंग राकनदार तयार करत असतं."

"आणि मग राखणदार पाहुण्याला मारतात," मी म्हटलं.

"न्हाई ना बाई! हितंच समद्यांची गफलत हुती. राकनदार पावन्याला मिटी मारतो. त्याची गठुळी हुती. आशा लई गठुळ्या रगतातनं फिरत्यात. गाळनीला त्यांचं काईच वाकडं न्हाई, पर समदं रगात जातंय तिच्यातनंच. मग गठुळ्या तितं आडकत्यात, आनि गाळनी सुजती. धाव्या दिसापासनं बगा, नळीत दही."

आजार परक्यानं केलेला नाही आणि राखणदारानंही केलेला नाही, दोघांच्या मिठीनं केलेला आहे. ही गोष्ट मी परीक्षेसाठी इंग्रजीत पाठ केली होती, दोन पानं लिहून गुणही मिळवले होते. समजली मात्र त्या दिवशी, पडवीत.

पुढचा भाग त्यांचा सगळ्यात आवडता. एकदाच टोचलं तर बहुतेक ससे आपसूक बरे होत. पाहुणा संपला की मिठ्या संपल्या, गाळणी हळूहळू साफ. पण साहेब काही सशांना रोज टोचत. "त्यात तीन जाती निगाल्या. एकाच्या अंगात राकनदारच तयार व्हायचं न्हाईत. त्याला कायबी झालं न्हाई. एकाच्या अंगात मोप तयार व्हायचं, ते पावन्याला उचलूनच न्यायचं. त्योबी बहुतेक वाचायचा. मरायचा कोन? ज्याचं राकनदार थोडं. ना धड हाकलतोय, ना धड गप बसतोय. मदल्याचं मरान, बाई."

एकदा साहेबांनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बोलावलं आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. खास रंग लावलेली मूत्रपिंडाची पातळ चकती खाली होती. "सायेब म्हनाले, तू सांबाळलेला ससा बग. आनि काय सांगू! वैशाकात तोरन्याच्या पायत्याला झाडावर काजवं बसत्यात ना, तसं. हिरवं हिरवं. गाळनीच्या काटानं ठिपकं. त्या गठुळ्या." सांगताना त्यांचा आवाज खाली आला. "डोळं भरलं माजं. सायेबांना वाटलं आनंदानं. आनंद व्हताच. पर त्या सशाला मी जिता बगितला व्हता ना."

ज्या दिवशी ससे मारावे लागत त्या दिवशी मामा जेवत नसत. सवय पुढेही राहिली. गावातल्या एका शिकाऱ्यानं मला रानससा भेट म्हणून आणून दिला, तेव्हा मामांनी तो दारातूनच परत पाठवला आणि मला म्हणाले, "रागावू नका. तुमाला कोंबडी आनतो. ज्याच्याकडनं शिकलो त्याचा रस्सा करायला हात उचलत न्हाई."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मामा बौद्ध. घरात बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला पांढरा सदरा. आमच्याकडे येणाऱ्या काही घरांतली माणसं त्यांच्या हातचं पाणी पीत नसत. तहान लागली की ओढ्यावर जात. मला संताप यायचा. मामा नुसते हसायचे. "माज्या हातचं पानी चालत न्हाई त्यांना. पर सोताचं पानी बिनघोर माज्या हातात देत्यात. हे बरंय."

हसायचे खरे, पण ज्या घरचं माणूस तसं वागलं असेल त्याची बाटली ते जास्त काळजीनं तापवायचे. हे मी पाहिलेलं आहे.

आता त्या श्रावणातली गोष्ट. त्या आठवड्यात दोन वाड्यांमध्ये गॅस्ट्रोची साथ होती. जुलाब, उलट्या, सुकलेली तोंडं, खोल गेलेले डोळे. मी तीन दिवस नुसती सलाईन लावत होते, आणि माणसं उठून बसत होती. सलाईनवर माझा एवढा विश्वास बसला होता की समोर खाट दिसली की हात बाटलीकडे जायचा.

चौथ्या दिवशी दुपारी दोन बायका एका मुलीला घोंगडीत घालून घेऊन आल्या. आई आणि आजी. मुलगी आठ वर्षांची. सकाळपासून उलट्या, कालपासून लघवी जवळजवळ नाही, ग्लानी. मी नाडी पाहिली, पापणी ओढली आणि म्हटलं, "मामा, सलाईन." उलट्या, लघवी बंद, ग्लानी. आणखी काय हवं होतं मला?

मामांनी बाटली आणली, स्टँडला टांगली. मी शीर शोधत होते. तेवढ्यात त्यांनी मुलीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडून राहिला.

"बाई, जरा थांबा."

"काय?"

"आदी पानी तापवून बगू."

"मामा, हिला लघवीच होत नाही. वेळ घालवू नका."

"दोन थेंब मिळंल. बाई, पान्यावाचून वाळल्यालं मानूस आसं फुगत न्हाई. तोंड बगा तिचं."

मी पाहिलं नाही. तीन दिवसांची झोप डोळ्यांवर होती, दोन्ही बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि दवाखान्याचा शिपाई मला थांब म्हणत होता. मी सगळ्यांसमोर ओरडले, "इथे डॉक्टर कोण आहे?"

मामांनी मान खाली घातली. पण सलाईनच्या नळीवरचा चिमटा त्यांनी बोटांत धरून ठेवला होता, तो सोडला नाही.

"तुमीच हायसा, बाई," ते हळूच म्हणाले. "म्हनून तर तुमालाच सांगतोय. ह्या पोरीच्या पायाला खरजंचं फोड झालं व्हतं. म्याच जांबळं औशद लावलं. सोळा दिस झालं आज. सोळा."

सोळा म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दहाव्या दिवसापासून बघायचं, असं सांगणारा तो आवाज होता. मग मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. ती रडण्याची सूज नव्हती. पायांवर जांभळ्या डागांखाली खपल्या होत्या. मी रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला, आणि पारा इतका वर थांबला की मी पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

आईनं मुलीला उचलून बसवलं. कशीबशी थोडी लघवी झाली, कोऱ्या चहाच्या रंगाची. मामांनी ती तापवली. नळीचा वरचा भाग पांढरा झाला, घट्ट झाला. व्हिनेगरचा वास आला, कारण त्यांनी वरून आम्लाचे थेंब टाकले होते. पांढरं विरघळलं नाही, म्हणजे ते प्रथिनच होतं.

"दही," ते म्हणाले. एवढंच.

गॅस्ट्रो नव्हताच. फोडांतल्या जंतूंविरुद्ध तिच्या अंगानं राखणदार तयार केले होते आणि त्या मिठ्या तिच्या मूत्रपिंडांत अडकल्या होत्या. पाणी बाहेर जात नव्हतं. अंगात आधीच पाणी साठलं होतं, रक्तदाब चढला होता, आणि मी त्यात शिरेतून आणखी बाटलीभर मिठाचं पाणी सोडणार होते. त्या बाटलीनं काय झालं असतं हे मला माहीत आहे. म्हणूनच ते मी लिहीत नाही.

मामांनी सलाईनची बाटली खाली उतरवून कपाटात ठेवली. माझ्याकडे न बघता.

रस्त्यावरच्या मोरीवरून पुराचं पाणी वाहत होतं, एस.टी. मार्गासनीच्या पुढे येत नव्हती. पुण्याला पाठवायचा प्रश्नच नव्हता. मी पेनिसिलिन दिलं, रक्तदाब उतरवायच्या ज्या गोळ्या जवळ होत्या त्या दिल्या, मीठ बंद केलं, पाणी मोजून ठरवलं. बाकी वाट पाहणं. आईनं माझा हात धरला. "बाई, जगंल का ओ?"

मामा खाटेच्या कडेला उकिडवे बसले. "माय, म्या पुन्यात लई ससं सांबाळलं. त्यांना ह्योच आजार झाला. एकदाच टोचलेलं ससं, त्यातलं बहुतेक बरं झालं. फोड आता मिटल्यात, परका आता अंगातनं चाललाय. गाळनी साफ व्हायाला दिस लागत्यात. तवर तिला वझं द्यायचं न्हाई."

"ससं?" आजी म्हणाली. "माजी नात ससा हाय व्हय?"

"आजी, सशावानीच हाय. भित्री आनि गुनाची."

मुलगी ग्लानीतही किंचित हसली असं मला वाटलं.

पाणी मोजून द्यायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. पेलाभर पाणी दिवसभर, चमच्या चमच्यानं. पहिला चमचा त्यांनी पुढे केला आणि मला आठवलं, ही आजी त्यांच्या हातचं पाणी न पिणाऱ्यांतली. आजीनं चमच्याकडे पाहिलं, नातीच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं, आणि नातीचं डोकं स्वतःच्या हातांनी जरा वर उचलून धरलं. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत ओढ्यावरच जाऊन पाणी पीत होती. सगळं एका दिवसात बदलतं असं मी सांगणार नाही. पण डोकं तिनं उचललं.

दुसऱ्या दिवशी काही बदल नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी येते तो मामा पडवीत बाटली घेऊन उभे. अर्धी भरलेली होती. लग्नाची पत्रिका दाखवावी तशी त्यांनी ती मला दाखवली. दुपारपर्यंत दुसरी भरली. चौथ्या दिवशी मुलीचे डोळे उघडले आणि तिनं भाकरी मागितली. अळणी भाकरी अन् अळणी भात बघून तिनं तोंड फिरवलं. मग मामा आपलं ताट घेऊन आले, मीठ न घातलेलं, आणि तिच्यासमोर बसून खाऊ लागले. "लई ग्वाड लागतंय," म्हणाले. घास गिळताना त्यांचा चेहरा असा झाला की पोरगी खुदकन हसली आणि जेवली. तिला मीठ सुरू होईपर्यंत त्यांनीही खाल्लं नाही. घरी बायको रागावली म्हणे, की तिचं कालवण बिघडलं असं गावभर होईल.

मुलगी बरी होऊन घरी गेली. नंतर मी तिची लघवी महिनोन् महिने तपासत होते. एक दिवस मामांनी वहीत लिहिलं, निर्मळ.

मी त्यांची माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. नाही मागितली. दुसऱ्या दिवशी चहा दिला, खुर्ची दिली, त्यांच्याशी मऊ बोलले. शब्द काढला नाही. तरुण डॉक्टरला ते शब्द फार जड असतात. मात्र त्यानंतर माझ्या दवाखान्यात कुणाच्याही शिरेत सुई जाण्याआधी बाटली भरली जायची, काटा मोडला असला तरी.

माझी बदली झाली. मामा निवृत्त होऊन भाटघरकडच्या आपल्या वस्तीत गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात होते आणि एक लेख माझ्या वाचनात आला. प्राण्यांवरच्या नव्या प्रयोगांतून असं दिसत होतं, की मिठी नेहमी रक्तातच पडते असं नाही. काही वेळा परका आधी एकटाच येऊन गाळणीला चिकटतो आणि राखणदार नंतर तिथे पोहोचतो. मला हे सांगण्यासारखा एकच माणूस होता. रविवारी मी भोरची एस.टी. धरली आणि तिथून भाटघरकडे गेले.

मामा थकले होते. अंगणात बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजी मिटी वाटंवर पडत न्हाई? गाळनीतच पडती?"

"दोन्ही होत असावं, असं म्हणतात आता."

"मग आमच्या सायबाचं चुकलं?"

"अर्धं बरोबर होतं, मामा."

"आर्दं बरूबर म्हंजी लई झालं. आर्दं पुडच्यानं बगायचं." मग एकदम उत्साहानं म्हणाले, "ह्या नव्या सशांना कोन सांबाळतंय ओ? मानूस बरा हाय का?"

मला माहीत नव्हतं. लेखात तेवढं लिहिलेलं नसतं.

त्या दिवशी मी सलाईनचं बोलणार होते. ठरवूनच गेले होते. पण ते सशांत रमले, मग एस.टी.ची वेळ झाली. पुढच्या खेपेला, म्हटलं.

पुढच्या खेपेला मामा नव्हते. निरोप मला उशिरा मिळाला. मी पोहोचले तेव्हा दिवसही होऊन गेले होते. मामी, म्हणजे त्यांची बायको, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. शेजारच्या तिघी-चौघी बायका सोबतीला बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तशी मामींनी सूप बाजूला सारलं.

"तुमीच व्हय त्या बाई! अगं, ह्याच त्या," त्या बायकांना म्हणाल्या. "ह्ये लई सांगायचे तुमचं. ती फुगलेली पोर आली व्हती ना, समद्यांना वाटलं गॅस्ट्रो. ह्यांनी तर सलाईन टांगलीबी व्हती. आनि आमच्या बाईंनी, म्हनायचे, पोरीच्या तोंडाकडं एकदा बगितलं आनि सुई खाली ठेवली. म्हनाल्या, मामा, ही गाळनी हाय. काय नजर बाईंची! आख्ख्या वस्तीला पाट हाय ही गोस्ट."

शेजारणी माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. एकीनं पदर सावरून मला नमस्कार केला.

इतकी वर्षं ते असंच सांगत आले होते. घरात, पारावर, पाहुण्यांपुढे. जिथे मी ओरडले होते ती जागा त्यांनी गोष्टीतून काढून टाकली होती, आणि आपली जागा मला दिली होती.

"मामी," मी म्हटलं, "ते तसं झालं नव्हतं."

"मग कसं झालं?"

सगळ्याजणी सरकून जवळ बसल्या. आतून सून हात पुसत बाहेर आली. मी चटईवर मांडी घातली, आणि जसं झालं होतं तसं, माझ्या ओरडण्यासकट, पहिल्यापासून सांगायला लागले.